भांगार आणि भंगार : अपरिचित शब्दांच्या वाचनसुखाविषयीं

(१)

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, तुंगारच्या डोंगराच्या बाजूला, गोखिवरें हें गांव आहे. पूर्वीं तें ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं त्या जिल्ह्याचें विभाजन झालें आणि तें पालघर जिल्ह्यांत आलें. गांव हा शब्द आतां त्यास केवळ संवयीनें लावावयाचा. कारण शेतांच्या जागीं इमारती व कारखाने उभे राहिले आहेत, आणि अहमदाबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या बाजूस जाऊं लागलें म्हणजे मोडक्या लोखंडाच्या राशी व त्यांवर ‘भंगार’ अशी पाटी हें दृश्य पुनः पुनः दृष्टीस पडतें. ज्यानें ज्ञानेश्वरी सावकाश वाचली आहे, त्याचें पाऊल अशा एखाद्या पाटीपुढें क्षणभर थबकल्यावांचून राहणार नाहीं. ज्ञानदेवांच्या मराठींत ‘भांगार’ म्हणजे सोनें. शके १२१२ मध्यें हा शब्द ज्या अर्थानें मराठी श्रोत्यांच्या कानावर पडत होता, त्याच अर्थानें गोमंतकांत ‘भांगर’ या रूपानें तो आजही बोलला जातो. आणि येथें, एका ऱ्हस्वदीर्घाच्या अंतरावर, तोच ध्वनि टाकून दिलेल्या जिनसांचें नांव होऊन बसला आहे!

हें पाहून जें हसूं येतें, जें नवल वाटतें, त्याच सुखाविषयीं येथें लिहावयाचें आहे. असें सुख म्हणजे रिकामपणचा चाळा, संशोधकानें त्याच्या नादीं लागूं नये, असें कित्येक जाणत्यांचें मत आहे. आमचें मत निराळें आहे. शब्दाची गोडी ही संशोधनाची पहिली पायरी होय. मात्र ती पायरी आहे, माडी नव्हे, हें विसरतां कामा नये. शिवाय जे शब्द कामावांचून लोकांच्या तोंडून उतरूं लागले आहेत, त्यांस आतां आवडीनें वाचणाऱ्याखेरीज दुसरा वाली उरलेला नाहीं. या दोन गोष्टी गोखिवरें व त्याच्या आसपासचा वसईचा प्रांत यांच्याच उदाहरणांनीं दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

कागद वाचणारा बहुधा कांहीं तरी शोधीत असतो. त्यास तिथि पाहिजे असते, रक्कम पाहिजे असते, कोण कोठें होता हें पाहिजे असतें. तें मिळालें कीं त्याचें काम झालें. वाटेंत एखादा अपरिचित शब्द आडवा आला तर संदर्भावरून त्याचा ढोबळ अर्थ धरून तो पुढें जातो. वाक्याचा अर्थ लागतो, म्हणून आपण कांहीं गमावलें असें त्यास वाटतही नाहीं. परंतु ज्यास शब्दांची आवड आहे तो तेथें थांबतो. हाच शब्द कां? दुसरा जवळचा शब्द असतां लेखकानें हा कां योजिला? तो कोणत्या धंद्यांतला, कोणत्या बाजूचा, कोणाच्या तोंडचा? असे प्रश्न त्यास पडतात, आणि पुष्कळ वेळां त्या प्रश्नांच्या उत्तरांतच कागदाचा खरा पुरावा असतो. आवड म्हणजे दुसरें कांहीं नसून लक्ष देण्याची एक रीत होय. कर्तव्यबुद्धीनें दिलेलें लक्ष थकतें. आवडीनें दिलेलें थकत नाहीं.

भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन करणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. गांवोगांव हिंडून दप्तरें मिळविणारा हा पुरुष धातु आणि नामें यांच्या मुळांचा तितकाच वेडा होता. त्यांचा धातुकोश व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश हे दोन्ही ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. याच उत्तर कोंकणाची ‘महिकावतीची बखर’ त्यांनीं १९२४ सालीं छापून काढिली, ती केवळ राजांच्या वंशावळीसाठीं नव्हे. तिच्या दीर्घ प्रस्तावनेंत गांवांचीं नांवें, कुळांचीं नांवें आणि जुन्या भाषेचीं रूपें यांचा जो ऊहापोह आहे, त्यावरून त्यांचें मन कशांत रमत होतें हें उघड दिसतें. त्यांच्या सर्वच व्युत्पत्ति पुढील विद्वानांनीं मान्य केल्या असें नाहीं. तें कां, याचा विचार पुढें येईलच.

(३)

प्रथम शब्दाचा अपरिचितपणा म्हणजे काय, तें पाहूं. कोणताही शब्द स्वभावतः अपरिचित नसतो. तो कोणास तरी अपरिचित असतो. ‘उदक’ हा शब्द आमच्या बाजूस संकल्प सोडण्यापुरता उरला आहे. गोमंतकांत तोच स्वयंपाकघरांतल्या घागरींत आहे. ज्ञानेश्वरींत ‘रिगणें’ म्हणजे शिरणें. हा धातु घाटावरचा वाचक कोशांत शोधतो, आणि कोंकणी बोलणारा ‘रिगप’ म्हणून तोच रोज वापरतो. ‘नावेक’ म्हणजे क्षणभर, ‘निकें’ म्हणजे चांगलें, ‘वोखटें’ म्हणजे वाईट, ‘चोज’ म्हणजे नवल. हे शब्द ज्या काळीं रचनेंत आले त्या काळीं ते नित्याचे होते. त्यांस दुर्मिळ केलें तें आम्हीं, आमच्या विसरण्यानें.

यावरून वाचनाचा एक नियम निघतो. जुना ग्रंथ प्रथम कोश बाजूस ठेवून वाचावा. प्रत्येक शब्दास अडून बसल्यास वाक्याचा ओघ तुटतो, आणि ओघ तुटला कीं गोडी जाते. पहिल्या वाचनांत अर्थ अंधुक राहिला तरी चालेल. तोच शब्द तीन-चार ठिकाणीं निरनिराळ्या सोबतींत भेटला म्हणजे तो आपली ओळख आपण सांगूं लागतो. मग अर्थाविषयीं आपला तर्क लिहून ठेवावा, आणि त्यानंतर कोश उघडावा. तर्क खरा ठरला तर आनंद होतोच. खोटा ठरला तर अधिक होतो, कारण कांहीं तरी नवें कळतें.

लीळाचरित्र या रीतीनें वाचून पाहावें. म्हाइंभटानें तेराव्या शतकांत जमविलेल्या चक्रधरांच्या आठवणींचा हा ग्रंथ गद्य आहे. महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत राखल्यामुळें शतकानुशतकें तो बाहेरच्या वाचकांस मिळाला नाहीं. विसाव्या शतकांत त्या लिप्या उलगडल्या आणि ग्रंथ छापले गेले. त्यांत तत्त्वचर्चा आहे, तसेंच रस्ते, ओसऱ्या, जेवणें, रुसवे आणि बाजारही आहेत. यादवकालीन राजकारणाची तिथि शोधण्यासाठीं जो तो ग्रंथ चाळील त्याच्या हातीं थोडें लागेल. परंतु जो सहज म्हणून वाचील त्यास सातशें वर्षांपूर्वींचीं माणसें बोलतांना ऐकूं येतील. त्या काळच्या घरांत काय होतें, काय नव्हतें, याचा पुरावा अशा सहज वाचनांतच गोळा होतो. ठाण्यास १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय काढण्यांत ज्यांचा पुढाकार होता, ते विनायक लक्ष्मण भावे हेच पुढें ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून जुन्या कवींचा इतिहास मराठी वाचकांपुढें मांडतात आणि महानुभावी लिपीच्या उलगड्यासही हात घालतात, हा योगायोग नव्हे. ज्यास वाचनाचें सुख इतरांस द्यावेंसें वाटलें, त्यासच ग्रंथांचा शोध घ्यावासा वाटला.

(४)

अपरिचित शब्दांचा आनंद हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार याच्या उलट आहे : अतिपरिचित शब्द एके दिवशीं अपरिचित वाटूं लागणें. त्यासाठीं वसईपेक्षां योग्य ठिकाण थोडेंच मिळेल.

गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें १५३४ च्या डिसेंबरांत तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर दोनशें वर्षें हा प्रांत त्यांच्या अंमलाखालीं होता. मराठी कागदांत त्यास ‘फिरंगाण’ म्हटलेलें आढळतें. चिमाजीअप्पांनीं चालविलेली मोहीम १७३७ सालीं सुरू झाली आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. फिरंग्यांचें राज्य गेलें. त्यांचे शब्द मात्र गेले नाहींत.

आज गोखिवऱ्यास एखादी नवी इमारत उभी राहत असतां तेथें उभें राहून ऐकावें. ‘मेस्त्री’ हांक मारतो, मजूर ‘घमेलें’ उचलतो, पाण्याचें ‘पिंप’ भरलेलें असतें, आणि ‘पगार’ कधीं होणार याची चर्चा चालते. मेस्त्री हा पोर्तुगीज ‘मेस्त्र’, म्हणजे धंद्यांतला उस्ताद. घमेलें हें ‘गामेला’, म्हणजे मूळचें लांकडी पसरट भांडें. पिंप हें ‘पीपा’, म्हणजे दारूचें वगैरे लांकडी पीप. पगार हा ‘पागार’, म्हणजे पैसे देणें, या क्रियापदापासून आलेला. दुपारीं मजूर ‘पाव’ खातो, संध्याकाळीं कोठीस कुलूप लावून ‘चावी’ घेऊन जातो; हे दोन्हीही त्याच घरचे. अशा शब्दांचा मोठा संग्रह सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या गोमंतकीय धर्मगुरूंनीं १९१३ सालीं केला, आणि आशियांतील भाषांवर पोर्तुगीज शब्दसंपत्तीचा परिणाम किती झाला हें दाखवून दिलें. १९३६ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर बडोद्यास प्रसिद्ध झालें.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, राज्य करणाऱ्यांचे राज्यविषयक शब्द फारसे टिकले नाहींत. टिकले ते भांड्यांचे, हत्यारांचे, खाण्याचे आणि मजुरीचे. बखरकार तहाचीं कलमें सांगतो. घमेलें हें सांगतें कीं फिरंगी धन्याच्या बांधकामावर मराठी हात राबत होते. हाही इतिहासच आहे, आणि तो शब्दावांचून दुसऱ्या कोणीं लिहून ठेवलेला नाहीं.

हीच देवघेव उलट दिशेनेंही झाली. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचें मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें छापलें गेलें. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांनीं १६५९ सालीं प्रसिद्ध केलेलें ख्रिस्तचरित्राचें पुराण तर उत्तर कोंकणच्या बोलीशीं नातें सांगणारें आहे, आणि मुंबई-वसईकडील ख्रिस्ती समाजांत तें दीर्घ काळ म्हटलें जात असे. परधर्माचा उपदेश करण्यास निघालेल्या माणसांस येथल्या श्रोत्यांची ओवी आणि येथल्या श्रोत्यांचे शब्द यांचाच आश्रय करावा लागला.

(५)

आतां सावधगिरीची गोष्ट. शब्दांच्या आनंदास एक मोठें व्यसन जडतें, तें म्हणजे सारख्या ध्वनीवरून नातें जोडण्याचें. वसईच्या वेढ्यांतलेच दोन शब्द घेऊं : ‘सुरुंग’ आणि ‘तुरुंग’. वेढ्याच्या शेवटच्या पर्वांत मराठ्यांनीं तटाखालीं सुरुंग चालवून बुरूज फोडले, हें प्रसिद्ध आहे. तुरुंग तर प्रत्येक किल्ल्यांत असावयाचाच. दोन्ही शब्द अंधाराचे, दोन्ही जमिनीशीं संबंध असलेले, आणि दोहोंचें यमक इतकें जुळतें कीं ते सख्खे भाऊ वाटावेत.

वस्तुस्थिति निराळी आहे. सुरुंग हा शब्द संस्कृत ‘सुरुंगा’ या रूपानें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही आढळतो, आणि त्याचें मूळ ग्रीक ‘सिरिंग्स’, म्हणजे नळी किंवा भुयार, या शब्दांत असल्याचें विद्वान् मानतात. तुरुंग हा पोर्तुगीज ‘त्रोंकु’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ झाडाचें खोड. कैद्याचे पाय अडकविण्याचा लांकडी खोडा त्याच नांवानें ओळखला जाई, आणि खोड्याचें नांव पुढें कोठडीस मिळालें. म्हणजे एक शब्द ग्रीकांच्या काळीं पश्चिमेकडून आला आणि संस्कृतांत मुरून मराठींत उतरला. दुसरा सोळाव्या शतकानंतर गलबतांतून आला. वसईच्या तटापाशीं त्यांची गांठ पडली एवढेंच. यमक जुळलें, कुळ जुळलें नाहीं.

हाच न्याय आमच्या भांगारास आणि भंगारास लावावयाचा. भांगाराचें मूळ व्युत्पत्तिकार ‘भृंगार’ या संस्कृत शब्दांत पाहतात. भृंगार म्हणजे सोन्याची झारी. भंगार या शब्दाचा अर्थ पाहतां त्याचें नातें ‘भंग’ म्हणजे मोडणें याच्याशीं जुळतें. सोन्याचें मोल उतरत उतरत मोडीस आलें, ही कथा ऐकावयास सुंदर आहे. परंतु अशी कथा खरी ठरण्यास मधल्या शतकांतील कागदांत अर्थ हळूहळू पालटत असल्याचे दाखले पाहिजेत. दाखला नसतांना कथा सांगणें म्हणजे संशोधन नव्हे, कीर्तन होय. कीर्तनाचा आनंद लुटण्यास आमची हरकत नाहीं. मात्र तो लुटतांना आपण कोठें बसलों आहों याचें भान असावें.

(६)

स्थलनामांच्या बाबतींत हें भान विशेष आवश्यक आहे. गोखिवऱ्यापासून थोड्या अंतरावर सोपारें आहे. या नांवाचा इतिहास सांगतां येतो, कारण त्याचीं जुनीं रूपें नोंदलेलीं आहेत. महाभारतांत शूर्पारक, पाली ग्रंथांत सुप्पारक, नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत शोर्पारग, टॉलेमीच्या भूगोलांत सौपारा, आणि आजचें सोपारें : ही सांखळी कडीनें कडी जोडून दाखवितां येते. भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं तेथील स्तूप उकरला आणि अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्याच सुमारास उजेडांत आला, तेव्हां नांवाच्या पुराव्यास दगडाचाही पुरावा मिळाला.

गोखिवरें या नांवाविषयीं मात्र हौशी मनुष्य पांच मिनिटांत तीन व्युत्पत्ति रचूं शकेल. ‘गो’ म्हणजे गाय. मग गाईंशीं संबंध जोडणें कितीसें अवघड? एक म्हणेल गाईंचें खिल्लार, दुसरा म्हणेल गाईची खिंड, तिसरा एखाद्या ऋषीस बोलावून आणील. तिन्ही ऐकण्यास गोड, आणि तिन्ही सारख्याच निराधार. सनद, महजर, जमाखर्च, शिलालेख यांतील जुनें रूप हातीं असल्यावांचून स्थलनामाची व्युत्पत्ति सांगूं नये, हा नियम कडक वाटला तरी तो आनंदाचा शत्रु नव्हे. उलट, सोपाऱ्याची सांखळी पाहून जें समाधान होतें तें गोखिवऱ्याच्या तीन कल्पनांनीं होत नाहीं, हा अनुभव कोणीही घेऊन पाहावा.

नांवें कशीं बनतात याचें एक ताजें उदाहरण याच गांवांत आहे. येथील वनखात्याच्या कचेरीवरून तिच्या आसपासच्या जागेस लोक ‘रेंज ऑफिस’ म्हणतात. रिक्षावाल्यास तो शब्द सांगितला कीं पुरे. त्या दोन शब्दांचा अर्थ त्यास ठाऊक असो वा नसो. शंभर वर्षांनीं एखादा व्युत्पत्तिकार त्याचें मूळ एखाद्या रंजक संस्कृत शब्दांत शोधूं लागला तर त्यास हंसूं नये. पण आज ज्यास खरें मूळ ठाऊक आहे त्यानें तें लिहून ठेवावें, हें बरें.

(७)

आतां ज्या शब्दांविषयीं आम्हांस खरी काळजी वाटते त्यांकडे वळूं. वसईच्या खाडीकडे उतरत जाणाऱ्या सखल भूमींत खारें पाणी बांध घालून मागें हटवावयाचें आणि आंत भात पिकवावयाचें, ही या किनाऱ्यावरील जुनी विद्या आहे. अशा जमिनीस ‘खाजण’ किंवा ‘खार’ म्हणतात. बांध घालून कमावलेल्या भातजमिनींच्या एका जुन्या धारणेस ‘शिलोत्री’ हें नांव होतें, आणि १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांतही तें आढळतें.

अशाच जमिनींसंबंधींचा मजकूर वाचीत असतां आम्हांस ‘उघाडी’ हा शब्द भेटला. पावसाची उघडीप ती उघाडी, असा अर्थ आम्हीं मनाशीं धरला. वाक्यही तेवढ्यानें बरें लागलें. पुढें गोखिवऱ्याच्या एका वृद्ध शेतकरणीपाशीं सहज तो शब्द काढिला. त्या आजी म्हणाल्या, “उघाडी म्हणजे बांधाचं दार रे बाबा. भरती आली का आपोआप लागतं, ओहोटी झाली का उघडतं. तिला धरूनच तर शेत.” एका वाक्यांत आमचा तर्क कोसळला आणि सबंध यंत्र डोळ्यांपुढें उभें राहिलें : भरतीचें पाणी बाहेरून दाबतें म्हणून फळी मिटते, ओहोटीस तो दाब जातो आणि आंत सांचलेलें पावसाचें पाणी फळी लोटून बाहेर पडतें. माणसाचा हात न लागतां समुद्र स्वतःच्याच वाटेवर पहारा करतो. मग मूळ मजकूर पुनः वाचला, तों त्यांतील तक्रारीचा रोंखच निराळा निघाला. पाऊस थांबला नाहीं अशी ती तक्रार नव्हती. दार नादुरुस्त झालें, तें दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, असा तो तंटा होता.

असाच दुसरा शब्द ‘राब’. भाताचें रोप करावयाच्या जागीं पालापाचोळा, फांद्या, गवत व शेण पसरून तें जाळतात, त्यास राब म्हणतात. दोन अक्षरांचा हा शब्द. परंतु जंगलाचे कायदे कडक झाले तेव्हां राबासाठीं फांद्या तोडूं द्याव्यात कीं नाहीं, हा ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोठ्या वादाचा विषय झाला, आणि त्या जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींची चौकशी करणाऱ्या मंडळाच्या १८८७ सालच्या अहवालांत त्याचा विचार झाला. राब म्हणजे काय हें ज्यास कळलें नाहीं त्यास त्या वादांतील शेतकरी अडाणी व जंगलाचा वैरी वाटेल. ज्यास कळलें त्यास तो आपलें रोप वांचविणारा दिसेल.

तिसरा शब्द पश्चिमेकडील वाड्यांचा : ‘बावखल’. पावसाचें पाणी सांठवून वर्षभर बागायतीस पुरविणारें हें वाडींतलें तळें. यांतील ‘बाव’ म्हणजे विहीर. तें संस्कृत ‘वापी’चें वंशज होय. याच वाड्यांत राजेळी केळीं होत, आणि तीं सोलून व वाळवून ‘सुकेळीं’ करीत; सुकें केळें या दोन शब्दांची ही किती सोयीची गांठ! वसईच्या सुकेळ्यांचा लौकिक दूरवर होता.

हे शब्द कठीण नाहींत. ते उतरत चालले आहेत याचें कारण भाषेंत नाहीं, भूमींत आहे. खाजणांत भराव पडला कीं उघाडीचें काम सरतें. राब जाळणारें शेत विकलें गेलें कीं राब सरतो. बावखल बुजविलें कीं तें नांव पुसलें जातें. वसई-विरार महानगरपालिका २००९ सालीं स्थापन झाली तेव्हां हा प्रांत कागदोपत्रींही शहर झाला. प्रत्यक्षांत तो त्यापूर्वींच होऊं लागला होता. शहरानें नव्या माणसांस घरें दिलीं, रोजगार दिला. त्याविषयीं येथें तक्रार नाहीं. परंतु ज्या आजींनीं आम्हांस उघाडीचा अर्थ सांगितला त्यांच्या नातवंडांस तो सांगण्याचा प्रसंग घरांत येणार नाहीं, हें स्पष्ट आहे.

(८)

मग कोश कशासाठीं आहेत, असें कोणी विचारील. कोशांचें ऋण मोठें आहे. शास्त्रीमंडळानें केलेला महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९ सालीं निघाला; मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं आणि त्याची वाढविलेली आवृत्ति १८५७ सालीं प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थनें केवळ पोथींतले शब्द घेतले नाहींत; कुणबी, कोळी, सुतार यांचे शब्द, कोंकणचे शब्द, शिष्ट लोक नाक मुरडतील असे शब्दही घेतले. त्यामुळें तो कोश नुसता उघडून कोठूनही वाचावा, असा झाला आहे. पावसाळ्याच्या दिवसांत कादंबरीच्या जागीं तो घेऊन बसणारे वाचक आम्हांस ठाऊक आहेत. पुढें दाते, कर्वे प्रभृतींनीं १९३२ ते १९३८ या काळांत सात भागांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. बोलींच्या बाबतींत ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीचा १९०५ सालचा सातवा खंड मराठीस वाहिलेला असून त्यांत ठाणें जिल्ह्यांतील वाडवळी, सामवेदी, वारली इत्यादि बोलींचे नमुने आहेत.

परंतु कोश शब्दाचा अर्थ देतो. शब्दाची वेळ, जागा आणि आवाज देत नाहीं. “तिला धरूनच तर शेत” हें वाक्य कोशांत सांपडणार नाहीं, आणि उघाडीचें सारें महत्त्व त्याच वाक्यांत आहे. कोशांतला शब्द टांचणीस लावलेल्या फुलपाखरासारखा असतो. ग्रंथांतला किंवा बोलण्यांतला शब्द उडत असतो. म्हणून कोशानें वाचकाची गरज संपत नाहीं, उलट वाढते. जो जुने ग्रंथ आणि कागद सुखासाठीं वाचतो, तोच हे शब्द आपल्या बोलण्यांत व लिहिण्यांत पुनः खेळवितो.

अशा वाचकांनीं एक लहानसा परिपाठ ठेवावा, असें आम्ही सुचवितों. भेटलेला शब्द एका टांचणावर लिहावा. ज्या वाक्यांत तो भेटला तें सबंध वाक्य लिहावें. ग्रंथांतला असल्यास पान, बोलण्यांतला असल्यास गांव, धंदा आणि दिवस लिहावा. आपला तर्क वेगळा, ऐकलेला अर्थ वेगळा आणि कोशांतला अर्थ वेगळा ठेवावा. तिन्हींची मिसळ करूं नये. उच्चार जसा ऐकला तसाच उतरावा, शुद्ध करूं नये. ज्यानें सांगितलें त्यास तें पुनः वाचून दाखवावें; तो एखादी दुरुस्ती करतो, आणि त्या दुरुस्तींत आणखी एक शब्द निघतो. व्युत्पत्ति सर्वांत शेवटीं, आणि दाखला असेल तरच.

(९)

गोखिवऱ्याच्या भंगारवाल्याची एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. त्याच्या राशीपाशीं उभें राहिलें असतां आपणांस सर्व एकसारखें गंजलेलें दिसतें. तो मात्र हातोडीनें ठोकून, आवाज ऐकून, तांबें निराळें काढतो, पितळ निराळें काढतो, बीड निराळें ठेवतो. त्याची ही पारख पोथी वाचून आलेली नाहीं; रोज हाताळून आली आहे. जुन्या शब्दांच्या वाचकाची गोष्ट याहून फार निराळी नाहीं. पुष्कळ हाताळावें, आवाज ऐकावा, एकासारखें दिसणारें दुसरें वेगळें काढावें. आणि मग एखादे दिवशीं राशींत भांगारही निघतें.

आमच्या वाचकांपैकीं जे वसई, पालघर, डहाणू या बाजूस राहतात, किंवा ज्यांच्या घरीं खाजण, वाडी, मिठागर अथवा होडी यांचा संबंध एकेकाळीं होता, त्यांनीं वर सांगितल्या रीतीचीं टांचणें करून एक प्रत या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे. दहाच शब्द असले तरी चालतील. ज्या वडील माणसांपासून ते मिळावयाचे त्यांचें वय पाहतां, हें काम पुढील अंकावर टाकण्याजोगें नाहीं.